लेण्यांतली बायकांची नावं



दिवाळीनंतर भातझोडणी उरकली आणि आमच्या बचत गटाच्या चौदाजणी भाजे लेणी बघायला निघालो. तुम्ही म्हणाल, मावळात राहून लेणी बघायला कशाला जायचं? अहो, दर पावसाळ्यात आम्ही पायथ्याशी कणसं भाजली, भजी तळली, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना रस्ता दाखवला. पण पायऱ्या चढून वर जायला सवड कुणाला होती?

भाज्याला डोंगरात २२ लेणी आहेत, सुमारे २,२०० वर्षांपूर्वी खोदायला सुरुवात झालेली. सोबतच्या शिक्षिकाबाईंनी आम्हाला एका विहारातल्या ब्राह्मी लेखाबद्दल सांगितलं. भाषा प्राकृत, मजकूर एका ओळीचा. हे दान आहे एका हालिकाच्या बायकोचं. हालिक म्हणजे नांगर धरणारा शेतकरी. आम्ही सगळ्या गप्पच झालो. आपल्यासारखीच शेतकऱ्याघरची बाई, आणि तिचं दान दगडावर नोंदलेलं!

मग बाईंनी आणखी सांगितलं. एकवीरा आईच्या दर्शनाला आपण कार्ल्याला जातो ना, तिथे देवळाशेजारच्या चैत्यगृहात कोडी नावाच्या भिक्षुणीने वेदिका, म्हणजे कोरीव कठडा, दान दिला. लेखात तिची ओळख 'घुणिकाची आई' अशी आहे, आणि काम करणाऱ्या नंदिकाचंही नाव आहे. बेडशाला पाण्याच्या टाक्याजवळ महारठिनी सामडिनिकेचा लेख आहे. ती मोठ्या घरातली. म्हणजे दान देणाऱ्यांत सरदारघरची होती, भिक्षुणी होती आणि नांगरवाल्याची कारभारीणही होती.

उतरताना आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "टपरी मी चालवते, कर्जाचा हप्ता मी भरते, आणि पाटीवर नाव पोराचं."

पुढच्या बैठकीत आम्ही हाच विषय घेतला. चौदाजणींपैकी फक्त तिघींचं नाव घराच्या उताऱ्यावर निघालं. पाचजणींनी ग्रामपंचायतीत अर्ज दिलेत. दोघींच्या घरी त्यावरून वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. मावशींच्या टपरीची पाटी मात्र बदलली.

मैत्रिणींनो, तुम्हीही या. लोकलने मळवलीला उतरा, पायात घट्ट चप्पल घाला, पाणी सोबत ठेवा. शक्यतो सकाळी या, गर्दी कमी असते. लेणी सरकारने संरक्षित केलेली आहेत, भिंतीवर खिळ्याने नाव कोरू नका, पोरांनाही कोरू देऊ नका. तो गुन्हा आहे, आणि त्या ओरखड्यांखाली एखादीचं जुनं नाव पुसलं जाईल.

आणि घरी गेल्यावर उतारा काढून बघा. त्यावर तुमचं नाव आहे का?