गटार अगोदर कीं रस्ता?

तिजोरींत पैसा थोडा असला म्हणजे गटार अगोदर कीं रस्ता, हें बहुधा कारभारीच ठरवितात. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्री शहरानें १९८९ सालीं तो अधिकार नागरिकांच्या विभागवार सभांस दिला. आरंभ कठीण गेला: उत्पन्न बहुतेक पगारांतच संपे, ठरलेलीं कामें होत ना, सभा ओस पडूं लागल्या. पुढें करांचें उत्पन्न वाढलें, सांडपाण्याचे नळ पडले, तेव्हां माणसें परतलीं. वांटणींत लोकांनीं लाविलेला क्रम, लोकसंख्या आणि सोयींची उणीव, हीं तिन्ही मोजीत. आम्हांस कौतुक वाटतें तें या उणिवेच्या मापाचें. नुसत्या बहुमतानें मोठी वस्तीच सदा जिंकली असती, नाल्याकांठचीं मूठभर घरें तशींच राहतीं. आमच्या पुण्यानें २००६ सालीं असा प्रयोग आरंभिला. पोर्तो आलेग्रीनें मात्र २०१७ सालीं आपला स्थगित केला.