उच्च विभेदन दूरचित्रवाणी संच

उच्च विभेदन दूरचित्रवाणी संच : प्रमाणित दूरचित्रवाणी संचापेक्षा अधिक रेखांचे व त्यामुळे अधिक तपशीलवार चित्र दाखविणारा घरगुती संच. चित्रातील एकमेकांलगतचे बारीक तपशील वेगवेगळे दाखविण्याच्या क्षमतेस विभेदन म्हणतात. आजच्या अर्थाने ७२० अथवा १,०८० आडव्या रेखांचे आणि रुंदी व उंची यांचे प्रमाण १६ : ९ असलेले चित्र उच्च विभेदनाचे मानतात. तथापि ‘उच्च’ हे विशेषण सापेक्ष असून १९३६ मध्ये २४० रेखांचे चित्रही उच्च विभेदनाचेच समजले जात होते.

प्रेषणाची पद्धती, संचाची रचना व पाहणाऱ्याचे पडद्यापासूनचे अंतर या तिहींचा मेळ बसला, तरच अशा संचाचा लाभ मिळतो. पैकी पहिली गोष्ट ग्राहकाच्या हाती नसते. संच विकत घेणारे कुटुंब केवळ एक उपकरण घेत नाही, तर दुसऱ्या कोणी ठरविलेल्या मानकावर विश्वास टाकत असते. मानक मागे पडले की, सुस्थितीतील संचही निरुपयोगी होऊ शकतो. या दृष्टीने घरगुती संचाच्या निवडीचा इतिहास हा दूरचित्रवाणीच्या मानकांच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

प्रारंभीची मानके : ब्रिटनमध्ये लॉर्ड सेल्सडन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३५ मध्ये आपला अहवाल सादर केला. सार्वजनिक दूरचित्रवाणीसाठी चित्रात किमान २४० रेखा असाव्यात आणि दर सेकंदास किमान २५ चित्रे असावीत, अशी शिफारस तीत होती. २ नोव्हेंबर १९३६ रोजी ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन (बीबीसी) या संस्थेने लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेस येथून नियमित सेवा सुरू केली. जॉन लोगी बेअर्ड यांच्या कंपनीची २४० रेखांची व मार्कोनी-ईएमआय कंपनीची ४०५ रेखांची अशा दोन पद्धती आठवड्याआड आळीपाळीने वापरण्यात येत. त्यामुळे त्या वेळच्या संचांत दोन्ही पद्धतींची सोय ठेवावी लागे. १९३७ च्या फेब्रुवारीत बेअर्ड पद्धती सोडून देण्यात आली आणि पुढील संच केवळ ४०५ रेखांसाठी बनू लागले.

हे मानक दीर्घायुषी ठरले. बीबीसीची दुसरी वाहिनी १९६४ मध्ये ६२५ रेखांच्या पद्धतीने सुरू झाली, तेव्हा ती पाहण्यासाठी नवे अथवा दोन्ही मानके ग्रहण करणारे संच घ्यावे लागले. परंतु जुन्या संचांसाठी ४०५ रेखांचे प्रेषण १९८५ च्या जानेवारीपर्यंत चालू ठेवण्यात आले. नवे मानक आणताना जुन्या संचधारकांना पुरेसा अवधी देण्याचे हे ठळक उदाहरण होय.

फ्रान्समध्ये १९४८ मध्ये ८१९ रेखांचे मानक स्वीकारण्यात आले. संख्येच्या दृष्टीने ते त्या काळी सर्वांत वरचे होते. परंतु त्याच्या एका वाहिनीला १४ मेगॅहर्ट्‌झ रुंदीचा कंप्रतापट्ट लागे. त्यामुळे उपलब्ध पट्टात थोड्याच वाहिन्या मावत. आधीच्या ४४१ रेखांच्या संचधारकांसाठी जुने प्रेषणही काही वर्षे चालू ठेवण्याचे ठरले होते. पण १९५६ च्या जानेवारीत आयफेल टॉवरवरील प्रेषकाला आग लागली आणि ती सेवा मुदतीपूर्वीच संपली. पुढे फ्रान्सनेही ६२५ रेखांचा अवलंब केला व १९८३ मध्ये ८१९ रेखांचे प्रेषण बंद झाले. अधिक रेखा म्हणजे अधिक टिकाऊ मानक, हे समीकरण खरे नसल्याचे यावरून दिसून येते.

जपानमधील प्रयत्न : आधुनिक अर्थाने उच्च विभेदन दूरचित्रवाणीचे संशोधन निप्पॉन होसो क्योकाय (एनएचके) या जपानी प्रसारण संस्थेने केले. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिक सामन्यांनंतर हे काम हाती घेण्यात आले. ताकाशी फुजिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम पाहणाऱ्याच्या दृष्टीचा अभ्यास केला. रुंद पडद्याजवळ बसून, म्हणजे चित्राच्या उंचीच्या सुमारे तिप्पट अंतरावरून पाहिल्यास प्रसंगात प्रत्यक्ष उपस्थित असल्याचा भास होतो, असे त्यांना आढळले. इतक्या जवळून रेखा वेगळ्या दिसू नयेत म्हणून १,१२५ रेखांचे मानक ठरविण्यात आले. चित्राची रुंदी व उंची यांचे प्रमाण आरंभी ५ : ३ होते, पुढे ते १६ : ९ करण्यात आले.

मुख्य अडचण प्रेषणाची होती. या चित्राचा मूळ संकेत नेहमीच्या वाहिनीत मावत नसे. म्हणून ‘म्यूज’ या पद्धतीने तो आकुंचित करून उपग्रहाद्वारे प्रेषित करण्यात येई. स्थिर दृश्ये तीत उत्तम दिसत. मात्र वेगाने हलणाऱ्या भागांतील तपशील कमी होत. १९८९ मध्ये दररोज एक तासाचे आणि २५ नोव्हेंबर १९९१ पासून दररोज आठ तासांचे प्रायोगिक प्रेषण सुरू झाले. १९९० च्या सुमारास अशा संचाची किंमत वीस लाख येनपेक्षा अधिक होती.

म्यूज पद्धती अंकीय नव्हती. प्रेषण सुरू होत असतानाच अमेरिकेत पूर्णतः अंकीय पद्धतीचा विकास होत होता. १९९४ च्या फेब्रुवारीत जपानच्या टपाल व दूरसंचार मंत्रालयातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने देशाने अंकीय पद्धतीकडे वळावे, असे सूचित केले. संच तयार करणाऱ्या कंपन्यांनी त्यास तीव्र विरोध केला व ते विधान मागे घेण्यात आले. तथापि २००० च्या डिसेंबरात उपग्रहाद्वारे आणि २००३ च्या डिसेंबरात भूप्रेषकांद्वारे अंकीय सेवा सुरू झाल्या. म्यूज प्रेषण ३० सप्टेंबर २००७ रोजी संपले. सर्वांत आधी व सर्वांत जास्त पैसे मोजणाऱ्या ग्राहकांचा ग्राही अशा रीतीने निरुपयोगी ठरला.

यूरोप व अमेरिका : १,१२५ रेखांचे मानक जागतिक व्हावे, हा जपानचा प्रस्ताव १९८६ मध्ये डूब्रॉव्हनिक येथील आंतरराष्ट्रीय बैठकीत यूरोपीय देशांच्या विरोधामुळे स्वीकारला गेला नाही. यूरोपने त्याच वर्षी १,२५० रेखांच्या ‘एचडी-मॅक’ पद्धतीचा प्रकल्प हाती घेतला. १९९२ च्या आल्बेरव्हील व बार्सेलोना येथील ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी तिची प्रात्यक्षिके झाली. परंतु १९९३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला. ही पद्धती घरोघरी पोहोचलीच नाही.

अमेरिकेत जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीने १९९० मध्ये उच्च विभेदनाचे अंकीय चित्र नेहमीच्या ६ मेगॅहर्ट्‌झच्या वाहिनीत बसविता येईल, असे जाहीर केले. चित्रातील पुनरावृत्त होणारी माहिती वगळून केवळ बदल पाठविण्याच्या संपीडन तंत्रामुळे हे शक्य झाले. १९९३ मध्ये स्पर्धक संस्थांनी एकत्र येऊन ‘ग्रँड अलायन्स’ स्थापन केली. तिच्या कार्यावर आधारलेले मानक १९९६ च्या डिसेंबरात तेथील संघीय दळणवळण आयोगाने स्वीकारले. १९९८ मध्ये संच बाजारात आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नियमित प्रेषण सुरू झाले.

आरंभीच्या अनेक अमेरिकन संचांत अंकीय ग्राही नसे; तो निराळा घ्यावा लागे. २००२ नंतर नक्कल प्रतिबंधाची सोय असलेली अंकीय जोडणी प्रचारात आली. ती नसलेल्या आधीच्या संचांवर संरक्षित कार्यक्रमांचा अंकीय संकेत दाखविता येत नसे. चित्र दाखविण्याची क्षमता असूनही संकेत आत घेण्याचे द्वार नसल्याने संच अपुरा ठरावा, असा हा प्रकार होता. जुन्या साध्या संचांच्या बाबतीत मात्र शासनाने काही जबाबदारी उचलली. पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे अनंकीय प्रेषण १७ फेब्रुवारी २००९ ऐवजी १२ जून २००९ रोजी बंद करण्यात आले आणि रूपांतरक पेटीसाठी प्रत्येक घरास ४० डॉलरची दोनपर्यंत कुपने देण्यात आली.

पडद्यांचे प्रकार : पहिले उच्च विभेदन संच चित्रनलिकेचे होते. त्यांत रंग व काळेपणा चांगला दिसे; पण मोठ्या नलिकेची काच जाड असल्याने संच अतिशय जड व खोल होत. ते हलविण्यास अनेक माणसे लागत आणि त्यासाठी भक्कम बैठक करावी लागे. १९६४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात शोधलेल्या प्लाझ्मा पडद्यावर आधारलेले सपाट संच १९९० नंतरच्या दशकात घरगुती बाजारात आले. त्यांची किंमत मोठी असली, तरी आरंभीच्या अनेक संचांवर केवळ ४८० रेखाच दाखविता येत. म्हणजे पडदा सपाट व रुंद असूनही तो उच्च विभेदनाचा नव्हता. द्रव स्फटिक पडदे हलके व कमी वीज वापरणारे असल्याने २००७ च्या अखेरीस त्यांनी जागतिक विक्रीत चित्रनलिकेस मागे टाकले. २०१४ पर्यंत प्रमुख उत्पादकांनी प्लाझ्मा संच बनविणे थांबविले. पुढे द्रव स्फटिक पडद्यामागे प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ वापरात आले. बाजारात अशा संचांस ‘एलईडी’ म्हणत असले, तरी चित्र तयार करणारा पडदा द्रव स्फटिकाचाच असतो. प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशित असलेले कार्बनी द्विप्रस्थाचे (ओएलईडी) मोठे संच २०१३ पासून मिळू लागले. त्यांत काळा भाग पूर्ण काळा दिसतो.

भारतातील स्थिती : भारतात दूरचित्रवाणीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत व २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत प्रारंभ झाला. ६२५ रेखांचे मानक आरंभापासून होते. १९८२ मध्ये रंगीत प्रेषण आले, तेव्हा ते जुन्या संचांवरही कृष्णधवल रूपात दिसत असल्याने कोणाचाही संच बाद झाला नाही. उच्च विभेदनाकडे जाताना असे घडणे शक्य नव्हते.

२०१० च्या ऑक्टोबरात दिल्लीत भरलेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे दूरदर्शनने उच्च विभेदन प्रेषण केले. त्याच सुमारास उपग्रहावरून थेट घरी येणाऱ्या खाजगी सेवांवर अशा वाहिन्या मिळू लागल्या. परंतु सपाट संच त्याआधीच घरोघरी येऊ लागले होते. केबलवरून येणारे, दृश्य भागात ५७६ रेखा असलेले चित्र या संचांच्या ७६८ अथवा १,०८० रेखांवर ताणून दाखविले जाई. जुन्या संचावर नीट दिसणारे चित्र नव्यावर धूसर का दिसते, या तक्रारीचे मूळ बहुधा संचात नसून संकेतात असे. ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुंबई व दिल्ली येथील अनंकीय केबल सेवेची अखेरची मुदत ठरविण्यात आली व तीनंतर केबलसाठी पेटी आवश्यक झाली. तथापि ‘अंकीय’ म्हणजे ‘उच्च विभेदन’ नव्हे. उच्च विभेदनासाठी तशी पेटी, तशी वाहिनी व योग्य जोडणी या तिन्ही गोष्टी लागतात.

निवडीची तत्त्वे : निरोगी डोळ्यास सुमारे एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनाचा तपशील वेगळा ओळखता येतो. यावरून गणित केल्यास १,०८० रेखांचा पूर्ण लाभ चित्राच्या उंचीच्या सुमारे ३.२ पट अंतरापर्यंत मिळतो. ७२० रेखांसाठी ही मर्यादा ४.८ पट, तर ५७६ रेखांसाठी ६ पट येते. १०२ सेंमी. (४० इंच) कर्णाच्या १६ : ९ पडद्याची उंची सुमारे ५० सेंमी. असते. तो सुमारे १.६ मी. अंतरावरून पाहिला, तर १,०८० रेखांचा तपशील डोळ्यास पूर्ण दिसतो; ३ मी. अंतरावरून ५७६ रेखांचे चांगले चित्र व १,०८० रेखांचे चित्र यांत डोळ्यास फारसा फरक कळत नाही. १४० सेंमी. (५५ इंच) कर्णाच्या पडद्यासाठी हे अंतर सुमारे २.२ मी. येते. म्हणून संच निवडताना प्रथम बैठकीची जागा व भिंत यांमधील अंतर मोजणे, हा क्रम सयुक्तिक ठरतो.

दुकानातील संच प्रखर प्रकाशात व सर्वाधिक झळाळीवर लावलेले असतात, तसेच त्यांवर खास तयार केलेली दृश्ये दाखविली जातात. घरातील मंद प्रकाशात व नेहमीच्या कार्यक्रमांत चित्र वेगळे दिसते. खुणांच्या शब्दांतही फरक आहे. यूरोपातील उत्पादकांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या ‘एचडी रेडी’ या खुणेसाठी किमान ७२० रेखा व ठरावीक जोडण्या आवश्यक होत्या. भारतीय बाजारात या नावाचे संच बहुधा ७६८ रेखांचे, तर ‘फुल एचडी’ संच १,०८० रेखांचे असतात. रेखांच्या संख्येखेरीज उजळ व काळ्या भागांतील तफावत, बाजूने पाहताना रंग टिकणे आणि हलत्या दृश्यांची स्पष्टता यांवरही चित्राचा दर्जा अवलंबून असतो.

पुढील टप्पा : २,१६० रेखांच्या व ४,३२० रेखांच्या अतिउच्च विभेदनाची आंतरराष्ट्रीय शिफारस २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. १ डिसेंबर २०१८ रोजी एनएचकेने ४,३२० रेखांचे नियमित उपग्रह प्रेषण सुरू केले. वरील गणिताप्रमाणे २,१६० रेखांचा पूर्ण लाभ उंचीच्या सुमारे १.६ पट व ४,३२० रेखांचा ०.८ पट अंतरापर्यंतच मिळतो. म्हणजे १४० सेंमी. कर्णाच्या पडद्यासमोर अनुक्रमे सुमारे १.१ मी. व ०.५५ मी. अंतरावर बसावे लागेल. सामान्य घरातील बैठक याहून दूर असते. त्यामुळे नव्या संचांतील सुधारणा केवळ रेखांच्या संख्येत न राहता झळाळीचा विस्तार व रंगांची व्याप्ती यांकडे वळली असून दूर बसलेल्या प्रेक्षकासही या सुधारणा सहज जाणवतात.