पट्टी, वेदना आणि मन : भाजलेल्या मुलांच्या उपचारांचा इतिहास

#थ्रेड

१/८
भाजलेल्या मुलाला सर्वांत मोठी धास्ती असते ती पट्टी बदलण्याची. आग एकदाच लागते. पट्टी मात्र पुन्हा पुन्हा बदलावी लागते. या वेदनेचे मुलाच्या मनावर काय होते, हा प्रश्न वैद्यकाने उशिरा विचारला. त्याच्या उत्तराचा माग बॉस्टन, मुंबई आणि नाशिक या तीन शहरांतून काढता येतो.

२/८
२८ नोव्हेंबर १९४२. बॉस्टनच्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ नाइटक्लबला आग लागून ४९२ जण मृत्युमुखी पडले. मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी वाचलेल्यांच्या आणि आप्तांच्या शोकाचा अभ्यास केला. त्यांचा १९४४ चा निबंध या विषयाचा पाया ठरला.

३/८
१९६० च्या दशकात श्रायनर्स संस्थेने भाजलेल्या मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालये उभारली, एक बॉस्टनला. तेथे बालमनोविकारतज्ज्ञ जळीत कक्षातच काम करू लागले. २००१ मध्ये ग्लेन सॅक्स व सहकाऱ्यांनी २४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयात ज्यांना मॉर्फिन अधिक मिळाले, त्यांच्यातील आघाताची लक्षणे सहा महिन्यांत अधिक ओसरली होती. अभ्यास लहान, पण सूचन मोठे : वेदनाशमन हाही मनाचा उपचार असू शकतो.

४/८
आता मुंबई. परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ चे. १९३६ साली नागपाड्यात सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय (आजची ‘टिस’) सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी त्याचे बालमार्गदर्शन केंद्र. मुलाचे शरीर आणि मुलाचे मन, दोहोंसाठी या शहरात दारे लवकर उघडली. पण ती वेगवेगळी.

५/८
वाडिया रुग्णालयात शल्यचिकित्सक डॉ. मनोहर केसवानी यांच्यापुढचा प्रश्न रोकडा होता. कोरडी पट्टी जखमेला चिकटते आणि काढताना नवी त्वचा सोलते. न चिकटणारी महागडी पट्टी गरिबाला परवडत नाही. १९८५ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वैद्यकीय जगापुढे मांडली. सालीखाली जखम ओलसर राहते.

६/८
२००३ मध्ये शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे व डी. आकोलेकर यांनी केळीच्या पानाची पट्टी पारखली. पंगतीत वाढले जाणारे तेच पान! गुणांत ते बटाट्याच्या सालीच्या तोडीस तोड ठरले, खर्च मात्र अकरा पटींनी कमी.

७/८
या निबंधांची भाषा शल्यचिकित्सेची होती : जखम कधी भरली, वेदना किती, खर्च किती. त्यांत मनोविकारशास्त्राचा उल्लेख शोधण्याचे कारण नाही. तरीही बॉस्टनचा निष्कर्ष शेजारी ठेवला की या पट्ट्यांचा दुसरा अर्थ उमगतो. न दुखवता निघणारी पट्टी जखमेबरोबर मनही राखते.

८/८
आणि नाशिक? १९९८ साली येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. राज्यातील बहुसंख्य वैद्यकीय महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. पट्टी बदलणारा शल्यचिकित्सक आणि रात्री दचकून उठणाऱ्या मुलाशी बोलणारा मनोविकारतज्ज्ञ, दोघांच्याही पदवीवर आता बहुधा म्हसरूळच्या याच विद्यापीठाची मोहर असते. १९३७ मध्ये वेगळी राहिलेली दारे एका अंगणात आली आहेत. ती एकमेकांत उघडणे, म्हणजे एकाच खाटेशी दोघांनी एकत्र शिकणे, हे या इतिहासाचे उरलेले काम आहे.