चागोस : ज्यांना कोणी विचारलेच नाही

आमच्या भोकरदनच्या शाळकरी मुलांना सप्टेंबरातील झेंडावंदनाचे नेहमी कोडे पडते. ऑगस्टात एकदा झेंडा फडकला, मग पुन्हा १७ सप्टेंबरला कशासाठी? १५ ऑगस्ट १९४७ रोजी हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता आणि स्वातंत्र्य आपल्या वेशीपर्यंत पोचायला आणखी तेरा महिने लागले, हे त्यांना दरवर्षी नव्याने सांगावे लागते. स्वातंत्र्याची तारीख सर्वांची एक नसते, हे मराठवाड्यातील माणूस अनुभवाने जाणतो. परंतु एका देशाच्या स्वातंत्र्यासाठी त्याच देशातील काही माणसांची घरे मोबदल्यात देऊन टाकली जावीत, ही गोष्ट आपल्याही कल्पनेपलीकडची आहे. हिंदी महासागरातील मॉरिशसच्या बाबतीत ती घडली.

मॉरिशस आपल्याला परका नाही. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी आणि सावंतवाडीकडील कुटुंबे गिरमिटावर अंगठा उठवून तेथील उसाच्या मळ्यांत राबायला गेली. त्यांचे वंशज आजही गणेश चतुर्थी साजरी करतात आणि त्या दिवशी तेथे सरकारी सुट्टी असते. त्या छोट्या महाराष्ट्राचे आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. मात्र १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले, तेव्हा त्याचा एक भाग मागे ठेवून घेण्यात आला होता. तो आपल्या कौतुकाच्या लेखांतून बहुधा सुटतो.

हा भाग म्हणजे चागोस द्वीपसमूह. मालदीवच्या दक्षिणेस, मॉरिशसपासून दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर पसरलेली ही पोवळ्यांची बेटे आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून व मादागास्करमधून गुलाम आणून तेथे माडांची लागवड केली. पुढे गुलामगिरी गेली, राज्य इंग्रजांचे आले, काही हिंदी मजूरही येऊन मिसळले. खोबरे काढावे, मासे धरावेत, क्रिओल भाषेत गावे आणि रविवारी चर्चमध्ये जमावे, असे त्यांचे जीवन होते. ही मंडळी बहुतांशी कॅथलिक होती. १९३०च्या दशकात फादर रोझे द्युसेर्क्ल बोटीने या बेटांवर गेले आणि तेथील जीवनाविषयी त्यांनी पुस्तके लिहिली.

१४ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला. वसाहत मुक्त करताना तिचे तुकडे पाडू नयेत, हे त्यात स्पष्ट होते. पण अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळ हवा होता आणि तिची नजर दिएगो गार्सिया या बेटावर होती. सप्टेंबर १९६५ मध्ये मॉरिशसचे पुढारी स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी लंडनला गेले. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी सर शिवसागर रामगुलाम यांची स्वतंत्र भेट घेतली. चागोस सोडला तर स्वातंत्र्य मिळेल, नाही तर त्याचा भरवसा नाही, असा त्या भेटीचा मथितार्थ होता. तीस लाख पौंड ठरले. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी चागोस मॉरिशसपासून तोडून नवीच ब्रिटिश वसाहत निर्माण करण्यात आली. जगभर वसाहती मिटत असताना ही एक नव्याने जन्माला आली! रामगुलाम यांना दोष देणे मला जड जाते. ओलीस धरलेल्याने केलेल्या सौद्याला संमती म्हणावे काय? मात्र त्या मेजावर चागोसचा एकही माणूस बसलेला नव्हता, हेही तितकेच खरे.

वसाहतीत कायमचे रहिवासी असले, तर त्यांच्याविषयी संयुक्त राष्ट्रांना जाब द्यावा लागतो. म्हणून ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ठरवले की तेथे रहिवासी नाहीतच, आहेत ते केवळ फिरते मजूर. माझ्या कपाटात बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत. आजोबा, बाप, नातू यांची नावे एकाच वहीत वाचण्याची सवय असलेल्या माणसाला हा युक्तिवाद फार चीड आणतो.

१९६७ ते १९७३ या काळात बेटे रिकामी केली गेली. आधी मॉरिशसला औषधोपचारासाठी गेलेल्यांना परतीची बोट नाकारण्यात आली. ऑलिव्हिए बँकू तेव्हा चार वर्षांचा होता. गाडीखाली जखमी झालेल्या बहिणीच्या उपचारासाठी हे कुटुंब आले होते. बहीण दगावली आणि परत जायला बेट उरले नाही. मागे राहिलेल्यांचे धान्य व औषधे कमी करण्यात आली. १९७१ मध्ये दिएगो गार्सियावरील शेकडो कुत्री खोबरे वाळवण्याच्या कोठ्यांत कोंडून धुराने मारण्यात आली. लेकरांच्या डोळ्यांदेखत पाळलेले जनावर असे गेल्यावर वेगळी धमकी द्यावी लागत नाही.

विस्थापन आपल्याला नवे नाही. चागोस तोडण्याच्या तीनच आठवडे आधी, १८ ऑक्टोबर १९६५ रोजी, पैठणला जायकवाडीची कोनशिला बसली आणि पुढे गोदाकाठची गावे पाण्याखाली गेली. पण त्या गावकऱ्यांना आपले गाव बुडाले हे तरी ठाऊक आहे. चागोसवासीयांचे गाव पाण्यावर तसेच आहे, माड उभे आहेत, आणि तेथे जायला बंदी आहे.

पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत या लोकांची दैना झाली. ब्रिटनने त्यांच्या पुनर्वसनासाठी दिलेले साडेसहा लाख पौंड स्वतंत्र मॉरिशसच्या सरकारनेही अनेक वर्षे वाटले नाहीत. तोवर महागाईने त्यांची किंमत खाऊन टाकली होती. लढा उभा केला तो बायकांनी. शार्लेझिया अलेक्सी, लिझेत तालात, ऑलिव्हिएची आई रिटा बँकू यांनी उपोषणे केली, निदर्शने केली. १९८२ मध्ये चाळीस लाख पौंडांची भरपाई मिळाली. पण पैसे घेताना निरक्षर बायकांनी ज्या इंग्रजी कागदांवर अंगठे उठवले, त्यांत परतीचा हक्क सोडल्याचे लिहिलेले होते. पुन्हा अंगठाच!

ऑलिव्हिए बँकू पुढे वीजतंत्री झाले आणि त्यांनी ब्रिटिश सरकारला त्याच्याच न्यायालयात खेचले. ३ नोव्हेंबर २००० रोजी ते जिंकले. २००४ मध्ये सरकारने राणीच्या आदेशाने परतीचा मार्ग पुन्हा बंद केला आणि २००८ मध्ये लॉर्ड्सनी तीन विरुद्ध दोन मतांनी तो आदेश उचलून धरला. मधल्या काळात, २००६ साली, सुमारे शंभर जणांना काही दिवसांपुरते बेटांवर नेण्यात आले. त्यांनी पूर्वजांच्या कबरींवरील झाडोरा उपटला आणि ते परतले.

मग प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. सप्टेंबर २०१८ मध्ये लिझबी एलिझे या बाईंचे निवेदन तेथे पडद्यावर दाखवण्यात आले. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईंनी बोटीतील प्रवास आणि त्यानंतर गमावलेले पोटातील बाळ, हे सारे क्रिओलमध्ये सांगितले. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने तेरा विरुद्ध एक अशा मताने सांगितले की मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्ण झालेलीच नाही आणि ब्रिटनने शक्य तितक्या लवकर तेथून निघावे. तेरांमध्ये आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. मे महिन्यात आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी त्यास दुजोरा दिला. भारताचे मत ११६ मध्ये होते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोप फ्रान्सिस मॉरिशसला गेले. परतीच्या विमानात पत्रकारांनी चागोसविषयी विचारले, तेव्हा आंतरराष्ट्रीय संस्थांचे निर्णय पाळले गेले पाहिजेत, असे ते म्हणाले. ऑगस्ट २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी चागोसच्या निर्वासितांना भेट दिली. ही कॅथलिक माणसे इतकी वर्षे झगडत असताना आपल्या मराठी ख्रिस्ती नियतकालिकांतून त्यांच्याविषयी मी फारसे वाचले नाही, ही खंत नोंदवतो. मीही आजवर लिहिले नव्हते.

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात करारावर सह्या झाल्या. सार्वभौमत्व मॉरिशसचे, दिएगो गार्सियाचा तळ मात्र ९९ वर्षे ब्रिटनच्या ताब्यात. इतर बेटांवर वस्ती करण्याची मॉरिशसला मुभा मिळाली, दिएगो गार्सियावर नाही. बँकू यांनी कराराचे स्वागत केले. पण त्याच पहाटे दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन स्त्रियांच्या अर्जावर लंडनच्या न्यायालयाने सह्यांना तात्पुरती मनाई केली होती. या वाटाघाटी दोन सरकारांमध्ये झाल्या, आम्हाला कोणी विचारले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दुपारपर्यंत मनाई उठली आणि सह्या झाल्या.