दरड न कोसळता बंद पडलेली रेल्वे

पावसाळा लागला की आपल्या मोबाइलवर एक बातमी ठरलेली असते. 'घाटात दरड कोसळली, गाड्या रद्द.' यवतमाळात बसून आपण ती वाचतो आणि पुढे सरकतो. घाट तिकडे, दरड तिकडे, आपल्याला काय त्याचं? आज मी तुम्हाला याच बातमीतून आपल्या शकुंतलेपर्यंत नेणार आहे. प्रश्न एकच आहे. रुळावर दगड पडला की गाडी थांबते, हे कुणालाही कळतं. पण ती परत सुरू कधी होते, आणि कुणासाठी?

आधी दगडाचं बघू. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा बेसॉल्ट. काळा दगड कठीण असतो, पण दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल, ठिसूळ मातीचा पट्टा असतो. पावसाचं पाणी भेगांतून आत शिरतं, ठिसूळ भाग धुऊन नेतं आणि वरचा दगड अधांतरी राहतो. मग एखाद्या रात्री तो निसटतो. हा दगड आपल्यालाही परका नाही बरं का. झरी जामणी तालुक्यातल्या शिबल्याला लाव्हा थंड होताना तयार झालेले दगडी खांब आहेत, ते याच जातीचे. फरक एवढाच, की तिकडे रेल्वेने उभा डोंगर कापला.

बोरघाटाचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. चढ किती, तर ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. पंचवीस बोगदे. दीडशेपेक्षा जास्त वर्षं झाली, दगड पडायचे थांबलेले नाहीत. म्हणून पावसाळ्याआधी रेल्वेची माणसं दोर बांधून कड्यावर उतरतात आणि सैल झालेले दगड आपणच खाली पाडतात. पावसात रात्रंदिवस गस्त असते. तरीही २०१९ च्या पावसाने मंकी हिलजवळ असा तडाखा दिला, की घाटातल्या तीन मार्गांपैकी एक काही महिने बंद राहिला. पण दुरुस्त झाला. कारण मुंबई-पुणे बंद ठेवणं कुणालाच परवडत नाही.

कोकणात किंमत जास्त मोजावी लागली. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची विशेष गाडी वैभववाडीजवळ दरडीवर आदळली. ५१ माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. तिथेही कारण रुळावरचे दगडच. त्यानंतर कोकण रेल्वेने कड्यांना जाळ्या मारल्या, गस्त वाढवली, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी केला. पावसाळी वेळापत्रक म्हणतात ते हेच. तुमची गाडी तिकडे हळू चालली तर वैतागू नका, त्या हळू चालण्यामागे ही माणसं आहेत.

आता माथेरान. पीरभॉय कुटुंबाने बांधलेली ही छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. रूळ फक्त दोन फूट रुंद. २६ जुलै २००५ च्या पावसाने तिची वाट लावली, तर मार्च २००७ मध्ये ती परत धावली. २०१९ मध्ये पुन्हा मार्ग खचला. ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळहून गाडी पुन्हा निघाली. जेवढ्या वेळा डोंगराने पाडली, तेवढ्या वेळा उभी केली. का? पर्यटक आहेत, नाव आहे, फोटो आहेत.

आणि आता आपली शकुंतला.

यवतमाळ ते मूर्तिजापूर, दारव्हा आणि कारंज्यावरून, सुमारे ११३ किलोमीटर. पुढे मूर्तिजापूर ते अचलपूर ७६. रूळ अडीच फुटी. किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडातला कापूस बाहेर काढायला ही लाइन टाकली. कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचा, तिथून मुंबई आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्या. गंमत बघा, हिला सत्तर वर्षं ओढणारं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बनलं होतं. १९९४ मध्ये त्याच्या जागी डिझेल आलं.

स्वातंत्र्यानंतर एकेक रेल्वे कंपनी सरकारजमा झाली, ही मात्र राहून गेली. मालकी खासगी कंपनीची, गाडी चालवायची सरकारी रेल्वेने, आणि वर कंपनीला करारानुसार पैसे मोजायचे. घर भाड्याने राहिलेल्या माणसाला विचारा. छप्पर गळायला लागलं तर भाडेकरू म्हणतो मालकाने बघावं, मालक म्हणतो राहतो तो बघेल. इथे तेच झालं. रूळ झिजले, स्लीपर कुजले, पूल म्हातारे झाले, वेग बैलगाडीशी स्पर्धा करू लागला. शेवटी गेल्या दशकात एकेक तुकडा करत गाडी थांबली. ना घाट, ना कडा, ना दरड. सपाट काळ्या मातीतली लाइन, आणि तीच बंद पडली.

तिच्यात बसायचं कोण? शेतमजूर, बाजाराला निघालेल्या बाया, एसटीचं भाडं जड जाणारी माणसं. त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत. म्हणून मला वाटतं, दगड रेल्वेला अडवतो, मारत नाही. मारतं ते एवढंच, की उचलायला कुणी येत नाही.

हे जुनं रडगाणं म्हणून सांगत नाहीये मी. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही २८४ किलोमीटरची ब्रॉडगेज येतेय. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला. पुढे ती दिग्रस, पुसदकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या डोंगराळ अंगाला जाणार. उद्या 'दरडीमुळे गाडी रद्द' ही बातमी आपल्याही नावाने येऊ शकते. आली तर घाबरू नका. फक्त दुसऱ्या दिवशी बघा, रुळावर माणसं कामाला लागलीत का. आणि लागली नसतील, तर गप्प बसू नका. शकुंतलेच्या वेळी आपण फार उशिरा बोललो.

घरात कुणी शकुंतलेने प्रवास केला असेल तर त्यांना बोलतं करा, फोनवर रेकॉर्ड करा, आम्हाला पाठवा. पुढच्या भागात भेटूच.