काल्पनिक लढाया आणि मलंगगडाची साक्ष

पहिला बाजीराव आणि नेपोलियन समोरासमोर आले असते तर विजय कोणाचा झाला असता, असा प्रश्न इतिहासाच्या वर्गात हमखास येतो. तो पोरकट म्हणून टाळणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. मात्र त्यात रणभूमी कोणती, हेच सांगितलेले नसते. 1728 मध्ये पालखेड येथे बाजीरावाने निजामाच्या अवजड तोफखान्याशी थेट झुंज टाळली आणि रसद व पाणी तोडून त्यास तहास भाग पाडले. हे यश चपळ घोडदळाचे, तसेच दख्खनच्या पठाराचेही होते.

उल्हासनगर, अंबरनाथ परिसरातून दिसणारा मलंगगड याबाबत अधिक बोलका आहे. 1780 च्या पावसाळ्यात कॅप्टन ॲबिंग्टनच्या इंग्रज तुकडीने अचानक हल्ला करून खालची माची जिंकली. शिबंदी वरच्या कड्यावर गेली. तो कडा इंग्रजांस घेता आला नाही. पुढे मराठी फौजेने त्यांचीच वाट रोखली. वेढा घालणारेच वेढले गेले आणि अखेर हार्टलेने येऊन त्यांची सुटका केली. विद्यार्थ्यांपुढे नेपोलियनचा प्रश्न ठेवावयाचाच असेल, तर त्यास ॲबिंग्टनच्या जागी, भर पावसात, याच कड्याखाली उभे करून ठेवावा.