सुरम्याचा रेडिओ

सारंगखेड्याच्या यात्रेत लोक घोडे बघतात. मी दत्ताचं दर्शन घेऊन एका अत्तरवाल्यापुढे अडकलो. कुप्यांच्या शेजारी शिशासारखा चकाकणारा, आकाराच्या मानाने फारच जड असा खडा पडला होता. "असली सुरमा है," तो म्हणाला. फुटलेली कड पाहिली, तर सगळी चौकोनी, घाटाच्या पायऱ्यांसारखी. हा खडा मी ओळखत होतो. जुन्या क्रिस्टल रेडिओच्या चित्रांत तारेच्या टोकाखाली बसलेला असतो, तोच: गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइड.

पण सुरमा म्हणजे तर अँटिमनी, असं कोशांत लिहिलेलं असतं! घोळ जुना आहे. 'सुरमा' फारसीतून आला. आपला शब्द 'अंजन'. रसरत्नसमुच्चय या जुन्या रसग्रंथात अंजनं पाच: सौवीरांजन, रसांजन, स्रोतोंजन, पुष्पांजन, नीलांजन. स्रोतोंजन म्हणजे अँटिमनी आणि सौवीरांजन म्हणजे गॅलेना, असं एक मत. दुसरे नेमकं उलट सांगतात. तिसऱ्यांचा गॅलेना नीलांजनात. मला हे भांडणच उपरं वाटतं. सौवीर हा सिंधूकाठचा प्रदेश, स्रोतस् म्हणजे प्रवाह, नील हा रंग. माल कुठून आला नि कसा दिसतो, एवढंच ही नावं सांगतात. धातू कोणता, हा प्रश्न रसायनशास्त्र शिकलेल्यांनी मागाहून त्यांच्या गळ्यात घातला. खड्याला विचारावं, तो सरळ उत्तर देतो. अँटिमनीचं खनिज सुयांसारखं वाढतं आणि पाण्याच्या साडेचार पट जड असतं. गॅलेना चौकोनी फुटतो आणि साडेसात पट भरतो. बाजारातला सुरमा पुष्कळदा हा दुसराच निघतो. इजिप्तच्या जुन्या काजळातही मुख्यतः हाच. (शिसं विषारी, डोळ्यांत घालू नये. कानाला चालतं.)

कानाच्या वाटेला तो लावला जगदीशचंद्र बोसांनी. काही सल्फाइडांतून वीज एका दिशेनेच नीट वाहते, हे जर्मनीत ब्राउनने 1874 मध्ये पाहिलं होतं. बोसांनी गॅलेनाचा उपयोग विद्युत्‌लहरी टिपायला केला. 1901 मध्ये अर्ज केला आणि 1904 मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं. आता माझा लाडका तर्क. त्याच वेळी कलकत्त्याच्या त्याच प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रफुल्लचंद्र राय रसग्रंथ चाळत होते; त्यांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड 1902 चा. अंजनांचा गुंता सोडवणारा माणूस शेजारी असताना बोसांनी खडा दुसरीकडून कशाला आणला असेल? यावर कोणी म्हणेल, ब्राउनच्या खनिजांत गॅलेना होताच, आणि कॉलेजात खनिजांचे नमुनेही असणार. आक्षेप रास्त आहे. तरी बोसांच्या टेबलावरचा खडा सुरमेवाल्याच्या पुडीतून आला, असंच मी धरून चालतो.

आमच्या घरी मात्र खडा नव्हता. मामाने केलेल्या माझ्या पहिल्या रेडिओत ओए ७९ हा जर्मेनियमचा डायोड होता. पुठ्ठ्याच्या नळीवर मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची तार, एक गँग कंडेन्सर, हेडफोन. अर्थिंग हापशाच्या नळाला, आणि एरियल मिरचीच्या पथारीवरून पार कडुनिंबापर्यंत. सेल नाही, बटण नाही. एरियलवर येईल तेवढ्याच विजेवर चालायचा. "ऐकू येस का रे?" मामा विचारायचा. यायचं, पण गुजरातीत! आमच्या नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत, तशी आमची आकाशवाणीही.

यात्रेतला खडा घरी आणला. डायोड काढून तो चिमट्यात धरला, सेफ्टी पिनचं टोक त्यावर टेकवलं आणि एरियल गच्चीवर बांधली. गॅलेनाची प्रत्येक जागा बोलत नाही. टोक उचलायचं, केसभर सरकवायचं, पुन्हा टेकवायचं. अर्धा तास काही नाही. मग एका पायरीच्या कोपऱ्यावर खरखर झाली, आणि तिच्यामागून कोणीतरी अगदी बारीक आवाजात गुजराती बातम्या वाचू लागलं. मी श्वास सोडला, तेवढ्यात पिन हलली.